सहा महिन्यांची वीज एका बिलात : आमच्या वीज कंपनीच्या बिलसेवेचा अनुभव

मुंबई महानगर परिसरात घरोघरी वीज पुरवणाऱ्या कंपन्या एकाहून अधिक आहेत आणि त्यांपैकी आमच्या इमारतीला वीज देणारी कंपनी कोणती, हे मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या अडचणीविषयी हे लिहीत आहे ती कोणत्याही कंपनीच्या ग्राहकावर येऊ शकते. वीजपुरवठ्याबद्दल माझी तक्रार नाही. गेल्या वर्षभरात दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा तासाभरात लाइनमन येऊन दुरुस्ती करून गेले. त्या कामाला मी पूर्ण गुण देईन. हे परीक्षण आहे ते फक्त बिलाच्या सेवेचे, म्हणजे वेळच्या वेळी रीडिंग घेणे, त्यावरून बिल काढणे आणि चूक दाखवून दिल्यावर ती दुरुस्त करणे, या कामांचे. या सेवेला मी पाचपैकी दोन गुण देते, आणि तेही बिल विभागातल्या एका मॅडमच्या कामामुळे.

६ एप्रिलला आमच्या हाती पडलेले बिल १८,६१० रुपयांचे होते. घरात आम्ही दोघी, आई आणि मी. त्याआधीचे पाच महिने बिल सहाशे रुपयांच्या आसपास येत होते आणि आई आपल्या कुटुंबनिवृत्तिवेतनातून ते वेळेवर भरत होती. तिने ते एप्रिलचे बिल दोनदा वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि मला विचारले, ‘‘अगं, हे आपलंच आहे ना? नाव बघ बरं.’’ नाव आमचेच होते, ग्राहक क्रमांकही आमचाच होता. शेजारच्या काकूंनी गीझरवर संशय घेतला, इमारतीच्या वायरमनने फ्रिज जुना झाल्याचे सांगितले, आणि पुढचे दहा दिवस आई दिवाणखान्यातला पंखा बंद करून गॅलरीच्या दारात बसू लागली. सत्तरी ओलांडलेल्या बाईने एप्रिलच्या उकाड्यात असे बसावे, याचे मला जेवढे वाईट वाटले तेवढे त्या रकमेचेही वाटले नाही. अवचित आलेले मोठे बिल घरातल्या माणसाला आधी स्वतःवरच संशय घ्यायला लावते. कंपनीची चूक असेल हा विचार फार उशिरा सुचतो.

मला तो रात्री सुचला, आणि तोही बिलाची रक्कम सोडून रीडिंगचा रकाना पाहिल्यामुळे. मागील रीडिंग ८४१२, चालू रीडिंग ९५५८, वापर ११४६ युनिट. आणि त्याच ओळीत बिलाचा कालावधी मात्र १ मार्च ते ३१ मार्च. आमच्या दोघींच्या घरात एका महिन्यात ११४६ युनिट जळणे शक्यच नव्हते. आई सगळी बिले एका फायलीत लावून ठेवते, त्यामुळे मागची बिले काढून पाहता आली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी अशा पाचही बिलांवर मागील रीडिंग ८४१२ आणि चालू रीडिंगही ८४१२ असे छापलेले होते, आणि तरीही प्रत्येक बिलात ६४ युनिटांची आकारणी होती. मीटरचा आकडा जागचा हलला नाही आणि वापर मात्र ६४, याचा अर्थ ती पाचही बिले सरासरीची होती. पाच महिने मीटरपर्यंत कोणी पोचलेच नव्हते.

हे ६४ कोठून आले, तेही लगेच उलगडले. जुलै ते सप्टेंबर आई माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी बंगळूरला होती आणि मी कार्यालयाच्या कामासाठी हैदराबादला होते. घर बंद होते, फक्त फ्रिज चालू होता. कंपनीने त्या बंद घराच्या वापरावरून सरासरी धरली आणि आम्ही दोघी परतल्यावरही तीच पुढे चालू ठेवली. बिले कमी येत होती तेव्हा आम्ही ती नीट वाचली नाहीत, ही आमची चूक मी मान्य करते. कमी आलेल्या बिलाची तक्रार सहसा कोणी करत नाही, पण सरासरीच्या बिलात खरा धोका तेथेच असतो: आज जे कमी भरले जाते ते माफ झालेले नसते, मीटरमध्ये साठत असते.

मीटरपर्यंत कोणी का पोचले नाही, याचे उत्तर आमच्याच इमारतीत होते. आमचे मीटर जिन्याखालच्या खोलीत आहेत. सप्टेंबरच्या अखेरीस त्या खोलीतून कोणीतरी केबलचा तुकडा कापून नेला, म्हणून सोसायटीने तेथे लोखंडी जाळीचे दार बसवून कुलूप लावले. किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी दिवसभर नोकरीवर. रीडिंग घेणारा मुलगा दुपारी येत असे, कुलूप पाहून यंत्रात तशी नोंद करून परत जात असे. सोसायटीने किल्ली वॉचमनकडे ठेवायला हवी होती, हे खरेच आहे. पण इमारतीतल्या चोवीस मीटरांचे रीडिंग सलग पाच महिने होत नाही, हे कंपनीच्या यंत्रणेत कोणाच्या तरी लक्षात यायला हवे होते. एवढ्या काळात ना एक चिठ्ठी आली, ना फोन, ना बिलावर ठळक अक्षरांत सूचना. मीटरच्या स्थितीचा रकाना बिलावर होता, पण तो इतक्या बारीक टाइपात आणि इंग्रजी आद्याक्षरांत होता की आईसारख्या ग्राहकाला त्यातून काही कळणे अशक्य होते.

याबाबत नियम काय सांगतो, ते मला शेजारच्या इमारतीतल्या, ग्राहक चळवळीत अनेक वर्षे काम केलेल्या एका काकांनी दाखवले. केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० रोजी लागू केलेल्या वीज (ग्राहकांचे हक्क) नियमांत असे म्हटले आहे की एका आर्थिक वर्षात एका ग्राहकाला दोनपेक्षा अधिक तात्पुरती, म्हणजे अंदाजाची बिले देता येत नाहीत; आणि पूर किंवा साथीसारखी असाधारण परिस्थिती नसताना दोन बिलचक्रांनंतरही अंदाजाचीच बिले येत राहिली, तर प्रत्यक्ष रीडिंगचे बिल मिळेपर्यंत ग्राहक पैसे भरण्यास नकार देऊ शकतो. आम्हाला एकाच आर्थिक वर्षात पाच बिले अंदाजाची आली होती. याच नियमांत बिल साठ दिवस किंवा त्याहून उशिरा दिले गेले तर ग्राहकाला सूट देण्याचीही तरतूद आहे. आमची बिले दरमहा येत होती, म्हणून ती आम्हाला लागू नव्हती. पण ज्यांच्याकडे दोन-दोन महिने बिलच येत नाही आणि मग एकदम थप्पी येऊन पडते, त्यांनी ती लक्षात ठेवावी.

आता मुख्य मुद्दा. मीटर बरोबर आहे की नाही, हे मी आधी तपासले. एका रविवारी सेक्रेटरींकडून किल्ली घेतली आणि मोबाइलच्या उजेडात आमचा मीटर शोधला. मीटरच्या तोंडावर धुळीचा थर होता, तो फडक्याने पुसल्यावर बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवरचा क्रमांक जुळवून पाहिला, कारण जुन्या इमारतींत दोन घरांच्या वायरी एकमेकांच्या मीटरला जोडल्या गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. आईला वर फोन करून घराचा मेन स्विच बंद करायला सांगितला. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबला. म्हणजे मीटर आमचाच होता आणि मध्ये कोठे गळती नव्हती. मग घरातले बाकी सगळे बंद ठेवून फक्त हजार वॉटची इस्त्री चालू करायला सांगितली. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० वेळा दिवा लुकलुकतो, असे छापलेले आहे. हजार वॉटचे उपकरण तासाभरात एक युनिट घेते, म्हणजे मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लुकलुकला पाहिजे. मी घड्याळ लावून तीन वेळा मोजले. एकदा ५२, दोनदा ५३. इस्त्री आपोआप बंद-चालू होते, म्हणून ती तापत असतानाच मोजावे लागते, एवढीच त्यात काळजी घ्यायची. ही तपासणी प्रयोगशाळेच्या तोडीची नाही, पण मीटर बेताल धावतो आहे का, हे तिच्यावरून नक्की कळते. आमचा धावत नव्हता. ११४६ युनिटे आम्हीच वापरली होती.

वाद वापराचा नव्हता, हे येथे स्पष्ट झाले. सहा महिन्यांचे ११४६ म्हणजे महिन्याला १९१ युनिटे. हिवाळ्यात गीझर आणि माझे घरून चालणारे काम धरले तर हा आकडा मला पटला. मग बिल इतके का फुगले? घरगुती विजेचा दर सगळ्या युनिटांना सारखा नसतो. पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० त्याहून चढ्या दराने, ३०१ ते ५०० आणखी चढ्या, आणि ५०० च्या वरची सर्वांत महाग. शेवटच्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीहूनही पुष्कळ अधिक आहे. आमची युनिटे जर ज्या त्या महिन्यात मोजली गेली असती, तर प्रत्येक महिन्याला १०० युनिटे पहिल्या टप्प्यात आणि ९१ दुसऱ्या टप्प्यात बसली असती, म्हणजे सहा महिन्यांत ६०० आणि ५४६. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याला आमचा स्पर्शही झाला नसता. पण बिलात कालावधी एकच महिना धरल्यामुळे पहिल्या टप्प्यात फक्त १००, दुसऱ्यात २००, तिसऱ्यात २०० आणि उरलेली ६४६ युनिटे सर्वांत महाग टप्प्यात गेली होती. त्यातून आधी भरलेली रक्कम वजा केलेली होती, म्हणून वरवर पाहणाऱ्याला हिशेब रीतसर वाटत होता. घरगुती वापरावर राज्याचे वीज शुल्क १६ टक्के असते आणि ते या फुगलेल्या रकमेवर लागले होते, त्यामुळे चूक आणखी सोळा टक्क्यांनी वाढली होती.

मीटर बरोबर, रीडिंग बरोबर, वापर आमचाच, आणि तरीही बिल चुकीचे. ही गोष्ट मला काउंटरवर समजावून सांगता सांगता घाम फुटला. ‘‘मॅडम, रीडिंग बरोबर आहे ना? मग बिल बरोबरच असणार. आधी भरा, मग अर्ज करा,’’ हे उत्तर मला पहिल्या खिडकीवर दोनदा मिळाले. तेथे बसलेल्या तरुणाचा स्वर उद्धट नव्हता. त्याला जे सांगायला शिकवले होते तेच तो सांगत होता. कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावरही हेच ऐकायला मिळाले, फक्त तेथे ते ऐकण्याआधी वीस मिनिटे संगीत ऐकावे लागले. मोबाइल अॅपमध्ये तक्रार नोंदवता येते, पण तेथे ‘बिल जास्त आले’ एवढाच पर्याय आहे आणि कागद जोडायची सोय नाही. माझी ती तक्रार तिसऱ्या दिवशी ‘निकाली’ दाखवली गेली. बिल विभागाकडून कोणतेही उत्तर न येता तक्रार निकाली निघते, ही या सेवेतली मला सर्वांत अधिक खटकलेली बाब आहे.

९ एप्रिलला मी लेखी अर्ज घेऊन गेले. अर्ज एका पानाचा होता: ग्राहक क्रमांक, पाच सरासरी बिलांचे तपशील, मार्चच्या बिलातील रीडिंग आणि कालावधी, आणि मागणी एकच, की ११४६ युनिटांची विभागणी सहा महिन्यांत करून प्रत्येक महिन्याला टप्प्यांचा लाभ द्यावा. सोबत सहा बिलांच्या प्रती आणि मीटरचा फोटो जोडला. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. हा शिक्का देतानाही थोडी टाळाटाळ झाली, पण ‘पोच मिळाल्याशिवाय मी जाणार नाही’ असे शांतपणे सांगितल्यावर मिळाला. पुढे जे काही झाले ते त्या शिक्क्यामुळे झाले, असे माझे मत आहे. तोंडी तक्रारीला तारीख नसते.

याच दिवसांत एक प्रसंग घडला, तो सांगणे मला आवश्यक वाटते. १२ एप्रिलच्या संध्याकाळी आईच्या मोबाइलवर एका अनोळखी क्रमांकावरून संदेश आला: मागील बिल अद्ययावत न झाल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल, अधिकाऱ्याशी ताबडतोब संपर्क साधा. खाली एक दहा आकडी क्रमांक होता. थकलेले बिल खरोखरच डोक्यावर असल्यामुळे आईला तो संदेश कंपनीचाच वाटला आणि ती क्रमांक फिरवण्याच्या बेतात होती. मी तेवढ्यात घरी पोचले म्हणून थोडक्यात निभावले. हा फसवणुकीचा संदेश अनेक वर्षे देशभर फिरत आहे. तो फोन केला की समोरचा माणूस एखादे अॅप उतरवायला सांगतो आणि बँकखाते रिकामे करतो. कायद्याने वीज अशी तोडताच येत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरल्यास वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. ही दुसरी तरतूद पहिल्या खिडकीवर कोणीही सांगितली नव्हती. ‘आधी पूर्ण भरा’ असे सांगणाऱ्या कर्मचाऱ्यांना तरी ती माहीत असायला हवी.

१५ एप्रिलला कंपनीचा माणूस जागेवर पाहणी करून गेला आणि १७ तारखेला मला बिल विभागात बोलावणे आले. ज्यांच्यामुळे मी दोन गुण दिले, त्या मॅडम येथे भेटल्या. त्यांनी माझा अर्ज पूर्ण वाचला, संगणकावर आमच्या खात्याचा दीड वर्षाचा उतारा उघडला, पडदा माझ्याकडे वळवला आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या ओळींवर पेन्सिल टेकवून म्हणाल्या, ‘‘हे पाच महिने इथे मोजलेच गेले नाहीत. आपल्याकडून राहिलंय.’’ ‘आपल्याकडून राहिलंय’ हे दोन शब्द गेल्या दोन आठवड्यांत मला कोणीही म्हटले नव्हते. त्यांनी कॅल्क्युलेटरवर माझ्यासमोर विभागणी केली, ती माझ्या आकड्यांशी ताडून पाहिली आणि दुरुस्तीचा प्रस्ताव त्याच दिवशी वरिष्ठांकडे पाठवला. २२ एप्रिलला दुरुस्त बिल मिळाले: ९,७०० रुपये. एका रकान्यात ‘१’ ऐवजी ‘६’ महिने लिहिल्याने ८,९१० रुपये कमी झाले होते.

त्यांनी आणखी एक गोष्ट स्वतःहून केली. मागील वर्षाच्या सरासरी बिलावरून सुरक्षा ठेवीचा आढावा घेतला जातो आणि ठेव अपुरी ठरल्यास अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल येते. अनेक घरांत हेच बिल अवचित आलेले वाटते आणि लोक ते चुकून वीजबिल समजून गोंधळतात. आमचे १८,६१० रुपयांचे बिल तसेच राहिले असते तर सरासरी फुगून ठेवही अधिक मागितली गेली असती. मॅडमनी दुरुस्त आकडा त्या हिशेबातही जाईल अशी नोंद केली. ठेवीची रक्कम आपलीच असते आणि तिच्यावर निदान बँक दराने व्याज देण्याचे बंधन कायद्याच्या कलम ४७ मध्ये आहे. वर्षातून एकदा ते व्याज बिलात जमा दिसते की नाही, हे पाहत जावे.

दुरुस्त झालेले बिल बरोबर आहे. तरीही या सेवेला मी दोनच गुण का देते, ते सांगते. ९,७०० रुपये हे आमचेच देणे होते, पण ते सहा महिन्यांत सहा वेळा द्यायचे होते. महिन्याचे पैसे महिन्यात मोजून जगणाऱ्या घरासाठी या दोन गोष्टी सारख्या नाहीत. १९१ युनिटांचे बिल ऑक्टोबरमध्येच आले असते तर आम्ही नोव्हेंबरमध्ये गीझरची वेळ कमी केली असती, जुन्या फ्रिजचा विचार केला असता. बिल हा वापराचा आरसा असतो आणि तो पाच महिने आम्हाला बंद घराचे चित्र दाखवत होता. २०२० च्या टाळेबंदीत साऱ्या राज्याने हेच अनुभवले होते. मार्चच्या अखेरीपासून रीडिंग बंद राहिले, हिवाळ्यातल्या कमी वापराच्या सरासरीने उन्हाळ्याची बिले गेली, आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग झाल्यावर साठलेला फरक एकदम आल्याने घरोघरी संताप झाला. त्यातला पुष्कळसा वापर खरा होता, कारण सारी माणसे उन्हाळाभर घरातच होती. पण ते ज्या रीतीने समोर आले त्यामुळे कोणाचा विश्वास बसला नाही. तेव्हा निदान साथीचे कारण होते. आमच्याकडे कारण होते ते एका कुलपाचे.

तुलनेसाठी आमच्याच घरातले दुसरे उदाहरण देते. आमच्याकडे पाइपने येणाऱ्या गॅसचे बिल दोन महिन्यांनी येते. रीडिंग घेणारा आला आणि दार बंद असले तर तो दाराला चिठ्ठी लावून जातो, आणि ठरलेल्या मुदतीत मीटरचा फोटो काढून आपले रीडिंग आपण पाठवायचे असते. जुलै ते सप्टेंबर घर बंद असूनही आम्हाला गॅसचे बिल एकदाही अंदाजाने आले नाही, कारण जाताना आणि आल्यावर मी स्वतः रीडिंग पाठवले होते. आमच्या वीज कंपनीच्या अॅपमध्येही रीडिंग पाठवायची सोय आहे, असे बिल विभागात मला सांगितले गेले; पण सलग दोन महिने रीडिंग झाले नाही तर ग्राहकाला तसा संदेश पाठवून ती सोय दाखवून द्यावी, ही माझी कंपनीला केलेली लेखी सूचना आहे. बिल भरण्याची आठवण करून देणारे चार संदेश दरमहा येतात. एक संदेश रीडिंग न झाल्याचा पाठवणे कठीण नाही.

ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल त्यांच्यासाठी पुढच्या पायऱ्याही लिहून ठेवते, सुदैवाने आम्हाला त्या चढाव्या लागल्या नाहीत. कंपनीने लेखी तक्रार सोडवली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते, आणि मंचाचा निर्णय मान्य नसेल तर विद्युत लोकपालांकडे. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत. या दोन्ही ठिकाणी वकील लावलाच पाहिजे असे नाही. जुनी थकबाकी म्हणून अचानक मोठी रक्कम आली असेल तर ती कोणत्या काळातली आहे ते लेखी विचारावे, कारण देय झाल्यापासून दोन वर्षे उलटलेली आणि त्या काळात बिलात सलग थकबाकी म्हणून न दाखवलेली रक्कम कलम ५६ नुसार वसूल करता येत नाही. मात्र कंपनीच्या चुकीमुळे कमी आकारणी झाली असेल, तर दोन वर्षांनंतरही जादा बिल पाठवता येते, फक्त त्यासाठी वीज तोडण्याचा धाक दाखवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अजमेरच्या वीज वितरण निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘दोन वर्षे झाली, आता काही द्यायचे नाही’ असा सरसकट सल्ला कोणी दिला तर त्यावर विसंबू नये.

आमच्या इमारतीत आता मीटरच्या खोलीची एक किल्ली वॉचमनच्या टेबलात असते आणि दारावर तसा फलक लावला आहे. इतर तेवीस घरांपैकी अकरा घरांची बिले आमच्यासारखीच चुकली होती. त्यांतल्या सात जणांनी ती मुकाट्याने भरून टाकली होती. आमच्या दुरुस्त बिलाची प्रत दाखवल्यावर सगळ्यांनी अर्ज केले आणि आजपर्यंत आठ घरांना वजावट मिळाली आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयवर आई आता प्रत्येक महिन्याच्या १ तारखेच्या चौकोनात मीटरचा आकडा लिहिते. वॉचमन तिला तो फोटो काढून पाठवतो. मे महिन्याच्या बिलातला वापर २०३ युनिट होता आणि तिच्या हिशेबाने तो २०१ येत होता. रीडिंगची तारीख एक दिवस पुढे-मागे झाली असेल, एवढाच तो फरक.

९,७०० रुपये आम्हाला तीन हप्त्यांत भरू दिले: आधी ३,३००, मग दोनदा ३,२००. हप्त्यांची परवानगी लेखी मिळाली, हे चांगले झाले. पण दुसऱ्या हप्त्याच्या बिलात उरलेल्या रकमेवर व्याज लावून आले. रक्कम मोठी नाही, अठ्ठ्याहत्तर रुपये आहे. तरीही चूक ज्या बाजूची होती त्या बाजूने उशिराचे व्याज मागणे मला मान्य नाही, म्हणून त्याबाबत मी वेगळा अर्ज दिला आहे. त्याचा आवक क्रमांक आणि शिक्का माझ्याकडे आहे, उत्तराची वाट पाहते आहे, आणि ते व्याज वजा झालेले बिल हाती आले तर येथे आणखी एक गुण वाढवीन.